कॉकपिटमध्ये कसलातरी वास येतोय! वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात विमानातल्या हवेबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यानंतर वासाबद्दलच इतके मेसेज आले की म्हटलं या वेळचं अख्खं सदर वासालाच देऊया. आधीच सांगतो, मी पायलट नाही. मी विमानं दुरुस्त करणारा इंजिनिअर, एकतीस वर्षं हँगरमध्ये काढली आणि आता रिटायर होऊन कोल्हापुरात आलोय. पण पायलटनं "वास येतोय" असं लिहिलं की तो शोधायला रात्री टॉर्च घेऊन आम्हीच आत शिरायचो, त्यामुळं या विषयावर मला मनापासून बोलायचंय.

प्रश्न : नमस्कार सर. माझा मुलगा दीड वर्ष झालं एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. गेल्या महिन्यात विमान उतरवताना कॉकपिटमध्ये ओल्या मोज्यांसारखा वास आला म्हणून त्यानं आणि कॅप्टननी ऑक्सिजन मास्क लावले आणि तसंच लँडिंग केलं. रात्री फोनवर म्हणाला, आई डोकं जड झालंय. नंतर कुणीतरी सीनिअर त्याला म्हणाले म्हणे, नुसत्या वासाला मास्क कशाला लावायचा. त्याला ते फार लागलंय आणि मला इकडं झोप नाही. त्यानं उगाच बाऊ केला का? आणि हा वास असतो तरी कसला? (एक आई, मंगळवार पेठ)

ताई, बाऊ अजिबात केला नाही, पोरानं जे शिकवलंय तेच केलं आणि वेळेत केलं. हे त्याला आजच फोन करून सांगा, बाकीचं नंतर वाचा.

आता वास कसला ते सांगतो. आपण विमानात जी हवा घेतो ती बहुतेक विमानांत इंजिनातूनच येते. इंजिनाच्या पुढच्या भागात, म्हणजे अजून इंधन जळायच्या आधी, बाहेरची हवा दाबली जाते आणि त्या दाबलेल्या गरम हवेतली थोडी हवा पाइपनं बाजूला काढून, थंड करून आत सोडतात. याला ब्लीड एअर म्हणतात. त्याच इंजिनात फिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगला तेल लागतं आणि ते तेल जागेवर राहावं म्हणून सील असतात. हे सील आपल्या पंपाच्या रबरी वायसरसारखे घट्ट नसतात, हवेच्या दाबावरच ते तेल अडवून धरतात, त्यामुळं इंजिनाची पॉवर एकदम कमी-जास्त झाली किंवा सील झिजलं की तेलाचा अगदी थोडा अंश त्या हवेत जातो, गरम होतो आणि मग तो वास येतो. गंमत म्हणजे तो तेलासारखा वाटतच नाही. कुणी म्हणतं ओले मोजे, कुणी म्हणतं भिजलेलं कुत्रं, कुणी म्हणतं आंबलेलं चीज. तुमच्या मुलानं ओले मोजे म्हटलं आणि तेही उतरताना, म्हणजे थ्रॉटल मागं घेऊन इंजिनाची पॉवर कमी केल्यावर, हे दोन धागे एकत्र केले तर माझ्यासारखा माणूस पहिल्यांदा इंजिनाच्या तेलाकडंच बघेल.

पण तेलच होतं असं मी इथं बसून छातीठोक सांगणार नाही, कारण पावसाळ्यात अगदी तसाच कुबट वास एसीच्या ओलाव्यानंही येतो. हवा थंड करताना त्यातलं पाणी वेगळं काढतात, तिथं बुरशी धरली की दमट हवेत विमान खाली येताना भस्सकन वास येतो. आपल्याकडं जुलैत चार दिवस बंद ठेवलेली गाडी उघडून एसी लावला की जसा येतो ना, अगदी तसा. हा वास त्रासदायक पण बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि तेलाचा मात्र तसा नाही. आता सांगा, उतरायला दहा मिनिटं उरलेली असताना दोघा पायलटनी नाकानं यातला फरक ओळखत बसायचं का? म्हणूनच नियम सोपा ठेवलाय. संशय आला की मास्क, वासाचं नाव-गाव नंतर.

का, ते नीट समजून घ्या. जेट इंजिनाच्या तेलात झीज कमी व्हावी म्हणून ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन थोड्या प्रमाणात घालतात, आणि तेल खूप गरम झालं की कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ शकतो, ज्याला स्वतःचा वासच नाही. वर्षानुवर्षं असा वास घेतला तर शरीराचं काय होतं यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण त्या क्षणी काय होऊ शकतं यावर फारसा वाद नाही. डोकं जड होणं, डोळे चुरचुरणं, घसा धरणं, विचार सावकाश होणं. यातलं शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ज्याचा विचार सावकाश झालाय त्याला ते कळत नाही. दोन्ही पायलटना एकदम असं झालं तर मागं बसलेल्या १८० लोकांचं काय, हा विचार करून मास्क लावायचा असतो. तुमच्या मुलानं स्वतःचं नाक झाकलं नाही, त्यानं विमान उतरवणारं डोकं शाबूत ठेवलं.

आणखी एक, नाक फार लवकर सवय करून घेतं. तुम्ही स्वयंपाकघरात कांदा-लसूण चटणी कुटत असता तेव्हा पाच मिनिटांनी तुम्हाला ठसका जाणवत नाही, पण बाहेरून आलेला माणूस दारातच शिंकायला लागतो. कॉकपिटमध्ये तेच होतं, थोड्या वेळानं "गेला वाटतं वास" असं वाटतं आणि हवा मात्र तशीच असते. म्हणून वास आल्या आल्या मोठ्यानं बोलायचं, "मला वास येतोय, तुम्हाला येतोय का?" आणि लगेच मागं केबिन क्रूला इंटरकॉमवर विचारायचं, कारण त्यांचं नाक अजून ताजं असतं.

डोकं जड झालं त्याबद्दल. असं पुन्हा झालं तर उतरल्या उतरल्या डॉक्टरकडं जायचं, घरी जाऊन झोपायचं नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साध्या हवेत श्वास घेतला तरी साधारण ४-५ तासांत अर्ध्यावर येतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तर काहीच सापडत नाही आणि मग लोक म्हणतात, बघा काही नव्हतंच.

आणि त्याला माझ्याकडून एक सांगा. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तक्रारवहीत, नीट लिहायचं. एकदा आमच्याकडं एक विमान आलं, वहीत तीनच शब्द, "कॉकपिटमध्ये वास येतो". आम्ही चौघांनी रात्रभर फ्लोअर पॅनल उघडली, फॅन काढून बघितले, ओव्हन हुंगले, काही मिळालं नाही, सकाळी विमान परत गेलं आणि संध्याकाळी परत तीच तक्रार. पण या वेळी वेगळ्या कॅप्टननी लिहिलं होतं: उतरायला सुरुवात करताना थ्रॉटल मागं घेतल्यावर लगेच, साधारण २० सेकंद, ओल्या मोज्यासारखा, डावा पॅक (इंजिनातली हवा थंड करून आत सोडणारं यंत्र) बंद केल्यावर कमी झाला. बस. आम्ही सरळ डाव्या इंजिनाकडं गेलो, हवेच्या पाइपचं तोंड उघडून आत पांढरं फडकं फिरवलं आणि ते चहासारखं तपकिरी होऊन बाहेर आलं. दोन तासांत कारण सापडलं. ते फडकं मी अजून विसरलो नाही. त्या कॅप्टनच्या चार ओळींनी पुढच्या किती पायलटची डोकेदुखी वाचली असेल ते त्यांनाही माहीत नसेल.

प्रश्न : मी शिरोलीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे. आमच्याकडं वास आला की आधी कारण शोधतो, मग गरज पडली तर लाइन बंद करतो. विमानवाले मात्र नुसता जळका वास आला की लगेच जवळच्या विमानतळावर उतरतात, पेपरात सारखं येतं. आधी शोधून मग ठरवलं तर प्रवाशांचे हाल वाचणार नाहीत का? (एक वाचक, शिरोली)

तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि फाउंड्रीत तुमचीच पद्धत बरोबर आहे. फरक एवढाच की तुम्ही लाइन सोडून अंगणात जाऊन उभं राहू शकता.

२ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअरचं १११ नंबरचं विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं. तासाभराच्या आत, ३३ हजार फुटांवर, पायलटना कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. थोडा धूर दिसला, परत गेला. त्यांना वाटलं एसीतून येतोय, आणि त्या वेळच्या पद्धतीप्रमाणं असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. त्यांनी कॅनडातल्या हॅलिफॅक्सकडं वळायचं ठरवलं, इंधन टाकून वजन कमी करायला लागले, चेकलिस्ट वाचायला लागले. आग प्रत्यक्षात त्यांच्या डोक्यावरच्या छतामागं वायरिंगजवळ होती आणि तिथलं चकचकीत इन्सुलेशनच पेटत चाललं होतं. पहिल्या वासापासून विमान समुद्रात पडेपर्यंत साधारण २१ मिनिटं गेली. २२९ जण गेले, एकही वाचला नाही.

कॅनडाच्या तपास यंत्रणेनं चार वर्षांहून जास्त काळ तुकडा तुकडा गोळा करून चौकशी केली आणि त्यात निघालं की पायलट पहिल्याच मिनिटाला उतरायला धावले असते तरी बहुधा वेळ पुरला नसता. म्हणून मी त्या दोघांना दोष देत नाही, कुणीच देऊ नये. पण त्यानंतर जगभर शिकवण बदलली. आधी विमानतळाकडं तोंड करायचं, खाली यायला लागायचं आणि मग वाटेत कारण शोधायचं. सापडलं, खात्रीनं थांबलं, तर बरंच आहे. ते इन्सुलेशनही विमानांतून काढायला लावलं.

तुम्ही फाउंड्रीतले म्हणून तुम्हाला एक गोष्ट लगेच पटेल. कोल्ड बॉक्स कोअरजवळ, म्हणजे ओतकामाचे वाळूचे गाभे करतात तिथं, अमाइन या रसायनाचा जो माशासारखा उग्र वास येतो ना, तसाच काहीसा वास विमानातलं एखादं इलेक्ट्रिक उपकरण किंवा त्याचं प्लॅस्टिक तापलं की येतो. नवा माणूस म्हणतो, कुणाच्या तरी डब्यात सुकट आहे. अनुभवी माणूस ब्रेकर कुठला आहे ते बघायला लागतो. इंजिनात पक्षी गेला तर कॉकपिटमध्ये चक्क मांस करपल्याचा वास येतो. हायड्रॉलिकचं तेल गळलं तर नाकाला झोंबणारा वास. थंड देशात पंखांवरचा बर्फ काढायला जे ग्लायकॉल फवारतात ते आत शिरलं तर गोडसर वास. आणि आपल्याकडं तोडीच्या हंगामात ऊस गेल्यावर शेतकरी पाचट पेटवतात, तेव्हा खाली आलेल्या विमानात तो धुराचा वासही येतो, तो बाहेरचाच असतो आणि वर गेलं की जातो. पण बघा, यातला प्रत्येक वास ओळखायला वेळ लागतो, आणि कार्गोमध्ये, टॉयलेटमध्ये स्मोक डिटेक्टर असले तरी "हा वास तेलाचा, हा वायरचा" असं सांगणारा दिवा नेहमीच्या विमानांत कॉकपिटमध्ये नाही. तिथं नाक हेच मीटर.

प्रश्न : सर मी शिवाजी विद्यापीठात फिजिक्स करतोय आणि पुढं पायलट ट्रेनिंगला जायचंय. धूर झाला तर प्रवाशांचे पिवळे मास्क का सोडत नाहीत? आणि पायलटचा मास्क वेगळा असतो का? (एक विद्यार्थी, राजारामपुरी)

खूप वेगळा, भावा. प्रवाशांचा मास्क हवेचा दाब कमी झाला त्यासाठी आहे. केबिनमधला दाब साधारण १४ हजार फुटांवर असतो तितका उतरला की तो आपोआप पडतो. त्यातून जो ऑक्सिजन येतो त्यात आजूबाजूची केबिनची हवा मिसळतच असते, म्हणजे केबिनमध्ये धूर असेल तर मास्क लावूनही तू धूरच ओढणार, वर आगीला ऑक्सिजन मिळणार तो वेगळाच. म्हणून धुरात ते सोडत नाहीत, खाली वाकून नाकाला ओला रुमाल लावायला सांगतात.

पायलटचा मास्क सीटच्या बाजूला एका खणात असतो. एका हातानं ओढायचा, लाल पट्ट्या दाबल्या की डोक्याचा पट्टा हवेनं फुगतो, तो डोक्यावरून घालायचा, पट्ट्या सोडल्या की तोंडाला गच्च बसतो. हे सगळं ५ सेकंदांत व्हायला पाहिजे, तशी अटच आहे. त्यावर एक छोटा नॉब असतो. नॉर्मलवर असेल तर कॉकपिटची हवाही मिसळते, म्हणून वास किंवा धूर आला की १०० टक्के. आणि इमर्जन्सीला फिरवला की आतून सतत दाबानं ऑक्सिजन येतो, त्यामुळं कडेनं धूर आत घुसत नाही आणि गॉगलमधलाही धूर बाहेर ढकलला जातो. ट्रेनिंगमध्ये सगळेजण मास्क लावायला पटकन शिकतात पण मास्कचा माइक चालू करायला विसरतात, मग दोघंही मास्क लावून एकमेकांकडं बघत बसतात. ते आत्ताच लक्षात ठेव. श्वासाचा आवाज हेडफोनमध्ये इतका मोठा येतो की पहिल्यांदा घाबरायला होतं, म्हणून सिम्युलेटरमध्ये त्याची सवय करून घे.

फिजिक्सवाला आहेस म्हणून सांगतो, बोइंग ७८७ बद्दल वाच. २०११ मध्ये ते प्रवाशांना घेऊन उडायला लागलं आणि त्यात केबिनची हवा इंजिनातून घेतच नाहीत, बाहेरची हवा विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरनं दाबून आत सोडतात. इंजिनाच्या तेलाचा रस्ताच बंद केला. मला विचारशील तर सगळी विमानं हळूहळू तशीच व्हायला पाहिजेत.

प्रश्न : मुलीकडं बंगळूरला जाताना चटणी आणि मसाल्यासाठी सुकं खोबरं नेते. काउंटरवर खोबरं काढायला लावलं. वासामुळं का? (एक गृहिणी, कसबा बावडा)

नाही हो काकू, वासाचा संबंध नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इन बॅगेत त्याला बंदी आहे. चटणी नीट पॅक करून त्याच बॅगेत टाका, खोबरं तिकडंच घ्या. आणि पॉवर बँक मात्र बॅगेत टाकून देऊ नका, ती नेहमी हातातल्या पिशवीत, कारण ती तापली तर वास यायला आणि विझवायला जवळ माणूस पाहिजे.

प्रश्न : मी इचलकरंजीत शिक्षिका आहे. उजळाईवाडीहून हैदराबादला जाताना छोट्या पंख्याच्या विमानात बसल्यावर रॉकेलसारखा वास आला. शेजारचे काही बोलले नाहीत म्हणून मीही गप्प बसले, लोक हसतील असं वाटलं. मी सांगायला पाहिजे होतं का? (एक शिक्षिका)

हो बाई, सांगायलाच पाहिजे होतं. तुम्हाला आला तो बहुतेक साधाच असणार. एटीआर या पंख्याच्या विमानात जमिनीवर वीज आणि हवा द्यायला वेगळं छोटं इंजिन नसतं, त्यामुळं उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन तसंच चालू ठेवतात. वारं मागून असेल तर त्याचा धूर दारातून किंवा हवेच्या वाटेनं आत येतो, आणि विमान हललं की जातो. आपल्या विमानतळावर वारं नुसतं मोकाट, तुम्हाला माहीतच आहे.

पण तुमच्या शेजारचे गप्प बसले ते वास आला नाही म्हणून की तुमच्यासारखंच लाजून, हे कसं कळणार? पुढच्या वेळी बेल दाबा आणि वर्गात मुलांकडून जसं पूर्ण वाक्यात उत्तर घेता तसं सांगा: सीट अमुक, उजवी बाजू, दार बंद झाल्यावर लगेच सुरू झाला, रॉकेलसारखा, अजून येतोय. एअर होस्टेस हसणार नाही, ती इंटरकॉम उचलून पुढं तेच्या तेच सांगेल. आणि पुढं बसलेल्या दोघांना कदाचित दहा मिनिटांपूर्वी तोच वास आला असेल आणि आता त्यांच्या नाकाला सवय होऊन कळेनासा झाला असेल, तेव्हा तुमचंच नाक त्यांच्या उपयोगाला येईल.